भावाने दिलेली वही अजून कोरीच आहे

पत्राचा सारांश: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून पुण्यात इतिहास विषयात एम.ए. करायला आलेल्या बावीस वर्षांच्या मुलीचं हे पत्र आहे. घरात इतकं शिकणारी ती पहिलीच. प्रवेश झाला तेव्हा चाकणला कंपनीत कामाला असलेल्या तिच्या दादाने तिला एक परदेशी वही भेट दिली. जाड पुठ्ठा, वर रबरी पट्टा, आत ठिपक्यांची गुळगुळीत पानं, किंमत दीड हजाराच्या घरात. दोन महिने झाले, तिने त्यात एक अक्षर लिहिलेलं नाही, कारण 'वही खराब होईल' असं तिला वाटतं. एकदा जेलपेनने कोपऱ्यात रेघ मारून पाहिली, तर शाई लवकर वाळली नाही, हाताला लागली. तासाला ती सुट्या कागदांवर लिहिते आणि ते कागद हरवतात. खोलीतली मैत्रीण टॅबवर लिहिते, 'आता वह्या कोण वापरतं' म्हणते. पत्रात ती विचारते: "ताई, पीजीच्या नोट्ससाठी खरंच चांगली वही कोणती? एकदाच नीट घ्यावी म्हणते. की टॅबसाठी पैसे साठवू? बी.ए.ला सर सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. इथे मॅडम बोलत जातात आणि मी नुसती बघत बसते."

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचून मी माळ्यावरून माझ्या एम.ए.च्या वह्या खाली काढल्या. सात निघाल्या. त्यातली एक फार देखणी आहे. तपकिरी कागदाचं कव्हर, लाल पेनने मथळे, निळ्याने मजकूर, कुठे खाडाखोड म्हणून नाही. ती मी तासानंतर खोलीवर बसून पुन्हा लिहून काढायचे. दुसरी आहे ती दोनशे पानी लाँगबुक. तिचा पुढचा पुठ्ठा कधीच गेला, मधली चार पानं निखळलीत, समासात बाण आहेत, प्रश्नचिन्हं आहेत, एके ठिकाणी तर 'हे मला पटत नाही' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. इतक्या वर्षांत मी उघडली ती ही दुसरीच. देखण्या वहीत आमचे सर काय म्हणाले तेवढंच आहे, आणि ते पुस्तकातही सापडतं. मी तेव्हा काय विचार करत होते, कुठे अडले होते, हे फक्त त्या फाटक्या लाँगबुकात आहे.

म्हणून तू 'चांगली वही' म्हणतेस तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे नेमकं काय आहे, हे मला तुला विचारावंसं वाटतं. मला वाटतं, फेअर वही आहे. आपण सगळ्या शाळेत दोन वह्यांवर वाढलो. फेअर वही बाई तपासायच्या, तिला कव्हर असायचं, नावाची चिठ्ठी असायची, खाडाखोड झाली तर पान पुन्हा लिहावं लागायचं. रफ वही कुणी विकत आणत नसे. मे महिन्यात जुन्या वह्यांची उरलेली कोरी पानं फाडायची, आई ती दाभणाने शिवून द्यायची आणि वर गेल्या वर्षाच्या कॅलेंडरचं पान चिकटवायची. गणित सुटायचं ते त्या वहीत. चुकायचो तिथेच, आणि कळायचं तेही तिथेच. पण दप्तरात मान होता तो फेअर वहीला.

दादाने दिलेली वही तुझ्या मनात फेअर वही होऊन बसली आहे. तिच्यात लिहायचं तर वाक्य पूर्ण हवं, अक्षर सुंदर हवं, मजकूर बरोबर हवा. आणि मॅडम तर नुसत्या बोलत जातात, त्यातलं बरोबर वाक्य कोणतं ते तासाला कळत नाही. मग हात उचलत नाही. तुझी अडचण वहीच्या दर्जापेक्षा इथे जास्त आहे. बी.ए.ला तुला जे लिहायला सांगितलं ते उत्तर होतं. इथे तुझ्यासमोर एक बाई विचार करते आहे आणि तिच्याबरोबर तू विचार करावास अशी तिची अपेक्षा आहे. ते काम रफ वहीचं आहे. पदव्युत्तर शिक्षणाची अख्खी वहीच रफ वही असते, असं समज.

म्हणजे कागद कसाही चालेल असं मात्र नाही. रोज तीन-चार तास हाताखाली असणारी वस्तू धड असायला हवी, आणि तू विचारलं आहेस तर सविस्तर सांगते.

आधी कागद. वहीच्या मागे बारीक अक्षरात जीएसएम लिहिलेलं असतं. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. शाळेच्या साध्या वह्यांचा कागद साधारण ५४ ते ६० असतो, झेरॉक्सचा ७० ते ८०. बॉलपेनने लिहिणारीला ६० पुरतो. जेलपेन किंवा शाईचं पेन असेल तर ७०च्या खाली जाऊ नकोस, नाहीतर शाई मागच्या बाजूला उमटते आणि पानाची एकच बाजू वापरता येते. पण जीएसएम जास्त म्हणजे कागद चांगला, हेही खरं नाही. जाड कागदावरही शाई फुटते, जर त्यावर शाई धरून ठेवणारी प्रक्रिया नीट झालेली नसेल. उलट तुझ्या दादाच्या वहीचा कागद फार गुळगुळीत आहे, तो शाई आत ओढत नाही, म्हणून ती वर ओली राहते आणि तळहाताला लागते. कागद खोटा नाही, पेन बदल. साधं बॉलपेन त्याच्यावर छान चालेल.

पेनचा विषय निघालाच आहे तर पुण्याचा पाऊस लक्षात घे. बऱ्याच जेलपेनांची आणि शाईच्या पेनांची शाई पाण्यात विरघळते. एका जुलैत माझी पिशवी स्टँडपासून वसतिगृहापर्यंत भिजली आणि तीन आठवड्यांच्या नोट्सचा निळा ढग झाला. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती पाण्याला दाद देत नाही. पेन्सिलही देत नाही.

मग रेघा. याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मराठीत लिहिणाऱ्यांसाठी मला हे कागदापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. इंग्रजी अक्षर रेघेवर बसतं. आपलं अक्षर शिरोरेघेला लटकतं, वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. परदेशी वह्यांत रेघांमधलं अंतर बऱ्याचदा सहा-सात मिलिमीटर असतं. त्यात 'कर्तृत्व' लिही आणि खालच्या ओळीत 'स्वातंत्र्योत्तर' लिही, वरचा ऋकार खालच्या मात्रेत अडकतो. घाईत लिहिलेलं मग आपल्यालाच वाचता येत नाही. मराठीत नोट्स काढणाऱ्यांनी आठ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद रेघांची वही घ्यावी. ठिपक्यांच्या वहीत ठिपके बहुधा पाच मिलिमीटरवर असतात. तिथे एक ओळ सोडून लिहायचं, म्हणजे दहा मिलिमीटर मिळतात, आणि मराठीला ते ऐसपैस होतं. पट्टी लावून मोजून बघ.

बांधणी बघताना वही वरून, पाठीच्या बाजूने बघ. दुमडलेल्या कागदांची छोटी छोटी पुडकी एकाला एक लावून दोऱ्याने शिवलेली दिसली तर ती वही टिकते आणि बाकावर सपाट उघडते. नुसत्या गोंदावर चिकटवलेली वही दुकानात छान दिसते, पण मधोमध दोन-तीनदा दाबून उघडली की पानं सुटायला लागतात. मध्ये पिना मारलेल्या वह्या शंभर पानांपर्यंत ठीक, त्यापुढे बाहेरची पानं फाटतात. स्पायरल पूर्ण उलटते, अरुंद बाकावर सोयीची पडते, पण पिशवीत तारा वाकतात आणि डावखुऱ्यांच्या हाताला टोचतात. माझी पसंती शिवलेल्या वहीला.

आणि वजन. ए-फोर कागद हा एक चौरस मीटरचा सोळावा भाग असतो. दोनशे पानी म्हणजे शंभर कागद, ७० जीएसएमचे, तर नुसत्या कागदाचंच वजन ४४० ग्रॅमच्या आसपास भरतं. पाच पेपरांच्या पाच वह्या रोज नेल्यास तर सव्वादोन किलो झाले, त्यावर पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली. मग दोन दिवसांत एक वही खोलीवर राहते आणि त्या तासाला पुन्हा सुटा कागद येतो. तुझे कागद हरवण्याचं हेच कारण असावं असा माझा अंदाज आहे.

म्हणून माझं सांगणं असं, की विषयवार वह्या करू नकोस. तासाची वही एकच ठेव, सगळ्या विषयांची, तारखेनुसार. पानांना आकडे घाल, हाताने, आधीच. पहिली तीन पानं अनुक्रमणिकेसाठी सोड. रोज रात्री एका ओळीत लिही: तारीख, विषय, पान. परीक्षेच्या वेळी अनुक्रमणिकेवरून एका विषयाची पानं शोधायला दहा मिनिटं लागतात. हरवलेला कागद शोधायला आयुष्य पुरत नाही. एक वही संपली की पाठीवर जाड पेनने महिने लिहून दुसरी सुरू करायची. अशा वहीसाठी अप्पा बळवंत चौकात चांगल्या शिलाईची दोनशे पानी वही सहज मिळते, आणि सुटं पान लिहून बघू का असं विचारलं तर दुकानदार बहुधा नाही म्हणत नाहीत. तुझ्याच पेनने लिही, 'स्वातंत्र्योत्तर' लिही, अंगठ्याने पुसून बघ, पान उलटून बघ.

आता मॅडम बोलत असताना नुसतं बघत बसण्याबद्दल. उजव्या पानावर मॅडम, डाव्या पानावर तू. एवढंच. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात एक पद्धत शिकवायला सुरुवात केली, पानाच्या डावीकडे रुंद समास सोडून त्यात मागाहून प्रश्न आणि कळीचे शब्द लिहायचे, खाली सारांश. पद्धत चांगली आहे, पण आपल्या वह्यांचा लाल समास त्यासाठी अरुंद पडतो आणि रोज पट्टीने रेघ मारायचा कंटाळा येतो. अख्खं डावं पान सोडलं की तेच काम होतं.

समज, दख्खनच्या दंग्यांवर, म्हणजे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या उठावावर तास आहे. उजव्या पानावर तू एवढंच लिहिशील: 'सुपे, १२ मे १८७५. अमेरिकेत यादवी १८६१–६५, इथला कापूस महाग, कर्ज सहज. मग भाव पडले, तगादा. लोकांनी सावकारांची खतं (कर्जाचे कागद) जाळली. १८७९ कायदा.' ही वाक्यंही नाहीत. मॅडमचं पुढचं बोलणं ऐकायला तू मोकळी राहतेस. आणि डाव्या पानावर, तासात सुचलं तर तासात, नाहीतर त्याच रात्री: 'माणसांना फारशी इजा नाही, मग खतंच का? खत कोण लिहायचं, कोण वाचायचं? सुपे म्हणजे बारामतीजवळचं का? आमच्या भागात असं काही झालं होतं का?' हे शेवटचं तुझ्याखेरीज त्या वर्गात कुणालाच सुचणार नाही, कारण तुझ्या गावाहून तिथे आलेली तू एकटीच आहेस. मॅडमना विचारायचा प्रश्न तोच. पहिले आठ दिवस डावी पानं कोरी राहतील. राहू देत. पण रात्री वही उघडून निदान एक प्रश्न लिहायचा, हे सोडू नकोस.

वाचनाच्या नोट्स मात्र तासाच्या वहीत नकोत. पुस्तकावरून काढलेली टिपणं पुढे प्रबंधाच्या वेळी विषयाप्रमाणे मागेपुढे लावावी लागतात, आणि शिवलेल्या वहीतलं पान उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. त्यासाठी सुटे कागदच बरे, पण दोन भोकं पाडून फाइलला लावलेले. एका कागदावर एकच मुद्दा, एकच बाजू. आणि प्रत्येक कागदाच्या डोक्यावर लेखक, पुस्तक, आवृत्तीचं वर्ष, पान क्रमांक. पान क्रमांकाचा मी आग्रह धरते, कारण मी तो लिहिला नव्हता. प्रबंधात एक सुंदर उतारा वापरायचा होता, माझ्या अक्षरात माझ्यासमोर होता, आणि तो तीन खंडांतल्या नेमक्या कोणत्या पानावरचा हे शोधण्यात माझा अख्खा आठवडा गेला. शेवटी तो उतारा गाळावा लागला. दुसरं, लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतलेस तर अवतरणचिन्ह तिथल्या तिथे घाल. दोन वर्षांनी ते वाक्य तुझं की त्यांचं हे तुलाही सांगता येणार नाही.

पुढे अभिलेखागारात कागद बघायला जाशील तेव्हा सोबत पेन्सिल ने. जुन्या कागदपत्रांजवळ अनेक ठिकाणी पेन आणू देत नाहीत. तिथे मऊ कागदापेक्षा किंचित खरखरीत कागद बरा, पेन्सिल नीट उठते.

टॅबबद्दल. तुझ्या मैत्रिणीचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. २०१४मध्ये पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचा एक अभ्यास खूप गाजला. लॅपटॉपवर टाइप करणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जास्त जसेच्या तसे घेतात, आणि समजुतीच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात, असं त्यात दिसलं. पुढे २०२१मध्ये तो प्रयोग दुसऱ्यांनी करून पाहिला, तेव्हा शब्द जसेच्या तसे घेण्याची सवय पुन्हा दिसली, पण मार्कांतला फरक तसा दिसला नाही. तेव्हा हाताने लिहिलं म्हणजे समजलंच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. तुझी मैत्रीण टॅबवर पेनने लिहीत असेल तर तेही हातानेच लिहिणं झालं. टॅबचा खरा उपयोग तुझ्या विषयात वेगळा आहे: जुनी गॅझेटियर्स (इंग्रजांच्या काळातली जिल्ह्यांची माहितीपुस्तकं), अहवाल, स्कॅन केलेली पुस्तकं वाचणं. १८८५चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर मोबाइलच्या पडद्यावर वाचून डोळे जातात. त्यासाठी पैसे साठवायचे असतील तर सावकाश साठव, किंवा ग्रंथालयातला संगणक वापर. पण आज तुझ्याकडे टॅब नाही म्हणून तू मागे पडते आहेस, हे मनातून काढून टाक. आणि दर रविवारी आठवड्याच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेव. वही गाडीत विसरली तरी नोट्स राहतील.

हे पत्र वाचणाऱ्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी दोनच ओळी. प्रयोगशाळेची वही सुट्या पानांची नकोच. बांधीव हवी, पानांना क्रमांक हवेत, पान फाडायचं नाही, खोडरबर नाही, चुकलं तर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ आणि शेजारी तारीख. मोजमापात आलेला चुकीचा आकडाही नोंद असते, उद्या तेच उपयोगी पडतं. गणितवाल्यांनी कोरी किंवा चौकटीची वही घ्यावी, रेघा समीकरणांच्या आड येतात.

राहता राहिली दादाची वही. ती जपून ठेव, खास कामासाठी ठेव, प्रबंधासाठी ठेव, असं तुला कुणीही सांगेल. मी सांगणार नाही. खास काम कधी येत नाही, आणि आलं तर त्या दिवशी भीती आजच्यापेक्षा मोठी असेल. दोनशे पानी वही तू आणशीलच, पण सुरुवात या वहीने कर. चाकणला उभं राहून पाळ्या करणाऱ्या माणसाने दीड हजार रुपये कोऱ्या कागदासाठी दिलेले नाहीत. तू वर्गात बसून लिहिते आहेस, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे असणार. ही वही संपली, तिचा पुठ्ठा झिजला, कोपरे दुमडले, तर त्याची भेट कामी आली.

आज रात्रीच बॉलपेन घे. पानांना आकडे घाल, एक ते शेवटपर्यंत. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात चूक होतेच, सत्तेचाळीसनंतर पुन्हा सत्तेचाळीस येतो. आला तर एक रेघ मार, शेजारी अठ्ठेचाळीस लिही आणि पुढे जा. तेवढ्याने वही वापरातली होते. पहिल्या तीन पानांवर अनुक्रमणिकेची चौकट आख. चौथं पान डावीकडे येईल, ते तुझं. पाचव्यावर सोमवारची तारीख घाल.

दादाचा फोन आला की त्याला सांग, वहीला रेघ लागली.

तुझी,
ताई